बोलक्या बाहुलीची प्रतिकृती : रूप, कळ आणि आवाज

बालपणी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहिलेली एखादी बाहुली प्रौढपणी आपल्या हातांनी पुन्हा घडवावी, ही इच्छा अलीकडच्या काळात पुष्कळांच्या ठिकाणी दिसून येते. हौशी कारागीर जुनी छायाचित्रे गोळा करतात, मातीत चेहरा उतरवतात, साचा काढतात, आणि गालांवरच्या एखाद्या छटेवरून आपापसांत वाद घालतात. या उद्योगाकडे छंद म्हणून पाहण्याची आणि हसून सोडून देण्याची रीत आहे. परंतु त्याच्या मुळाशी कलेच्या व भाषेच्या अभ्यासकाने टाळू नये असा एक प्रश्न आहे. जी बाहुली बोलत होती, तिची प्रतिकृती म्हणजे नेमकी कशाची प्रतिकृती? चेहऱ्याची, आतल्या यंत्ररचनेची, की आवाजाची? महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यतः ‘अर्धवटराव’ या बाहुल्याच्या संदर्भात उपस्थित होतो. त्याचा विचार मात्र नाशिकपासून आरंभ करणे सोयीचे आहे. कारण मूळ वस्तू नष्ट झाल्यावर अथवा जीर्ण झाल्यावर तिच्या जागी दुसरी उभी करण्याच्या दोन भिन्न रीती या एकाच जिल्ह्यात पाहावयास मिळतात.

त्यांपैकी पहिली रीत बोहाड्याची. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या डोंगराळ भागांत आणि त्यांना लागून असलेल्या जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात होळीनंतरच्या उन्हाळ्यात बोहाडा होतो. रात्रभर मशालींच्या उजेडात, संबळ-सनईच्या तालावर गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण इत्यादींची सोंगे नाचतात. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असतात. लगद्याचा मुखवटा ओलीने खराब होतो, फुटतो, त्याचा रंग उडतो. मग तो पुन्हा रंगवला जातो, अगदीच मोडला तर नवा केला जातो. नवा मुखवटा जुन्याची ‘नक्कल’ आहे असे कोणी म्हणत नाही. सोंग तेच असते. कातडे बदलल्याने देव बदलत नाही. हे सहज साधते याचे एक कारण असे की, मुखवट्यामागचा माणूस प्रामुख्याने नाचतो, बोलत नाही. रूप, आकार, वजन आणि ताल एवढे जमले की प्रतिकृती पुरी झाली.

दुसरे उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ मध्ये मुंबईत प्रदर्शित केला आणि त्यानंतर आपले बिऱ्हाड व कारखाना नाशिकला हलविला. १९१७ मध्ये त्यांनी हाच चित्रपट नव्याने चित्रित केला. आज उपलब्ध असलेली रिळे १९१३च्या मूळ कृतीची नसून या १९१७च्या पुनर्निर्मितीची आहेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे भारतीय चित्रपटाचा आरंभ म्हणून जे दृश्य आज वारंवार दाखविले जाते, ते बहुधा आरंभाची प्रतिकृती आहे. प्रेक्षकाला त्यात काही उणे वाटत नाही. येथेही चित्रपट मूक होता, हे विसरून चालणार नाही.

फाळक्यांचा बाहुल्यांच्या इतिहासाशी असलेला संबंध याहून अधिक जवळचा आहे. ते जादूचे प्रयोग करीत, आणि त्यासाठी त्यांनी ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव घेतले होते. ‘फाळके’ या आडनावातील अक्षरे उलट क्रमाने मांडून ते तयार झाले. वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र टिपून पडद्यावर दाखविणारा त्यांचा लघुपट १९१२चा. पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी निर्जीव काड्यांना त्याच युक्तीने चालते केले. निर्जीव वस्तू चालती करणे हे जादूगाराचे काम होते आणि फाळक्यांनी ते यंत्राकडून करून घेतले. त्याच दशकात महाराष्ट्रातील दुसरे एक जादूगार, प्रा. य. के. पाध्ये, निर्जीव वस्तूला बोलते करीत होते. ‘प्रोफेसर’ ही उपाधी दोघांनीही लावावी, यात त्या काळच्या जादूगारांची चाल दिसते. विद्यापीठाशी तिचा संबंध नव्हता.

पाध्ये यांच्या कलेसाठी मराठीत रूढ झालेला शब्द ‘शब्दभ्रम’ असा आहे, आणि तो विचार करण्यासारखा आहे. युरोपीय भाषांतील प्रचलित संज्ञा ज्या लॅटिन शब्दांपासून निघाली, त्यांचा अर्थ ‘पोटातून बोलणे’ असा होतो. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने ही कल्पना निराधार आहे. पोटातून कोणी बोलत नाही. आवाज नेहमीप्रमाणे स्वरयंत्रातच उत्पन्न होतो, जीभ त्याला आकार देते, फक्त ओठ व जबडा स्थिर ठेवलेले असतात. मराठी शब्दाने बोलणाऱ्याचे पोट सोडून ऐकणाऱ्याच्या मनाकडे लक्ष दिले आणि जे घडते त्याचे अचूक नाव ठेवले. हा भ्रम आहे, आणि तो श्रोत्याचा आहे.

‘बाहुली’ हा शब्दही जुना आहे. हेमचंद्राने बाराव्या शतकात ‘देशीनाममाला’ या ग्रंथात संस्कृतापासून सिद्ध न होणारे जे शब्द नोंदविले, त्यांत ‘बाउल्ली’ हा शब्द पांचालिका, म्हणजे पुतळी, या अर्थाने आलेला आहे. ज्ञानेश्वरीत ‘साइखडे’ हा आणखी एक शब्द दोरीने चालणाऱ्या बाहुल्यासाठी येतो. तो आता व्यवहारातून गेला. ‘कळसूत्री’ हा सामासिक शब्द मात्र टिकून आहे. यातील ‘कळ’ म्हणजे यंत्राची युक्ती आणि ‘सूत्र’ म्हणजे दोरा. या शब्दात चेहऱ्याचा उल्लेख नाही आणि आवाजाचाही नाही, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथील ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या व चामड्याच्या छायाबाहुल्या आजही या परंपरेची साक्ष देतात. तेथे गाणारा व कथा सांगणारा कलावंत आपला आवाज बाहुलीच्या तोंडून आल्याचा आव आणीत नाही. आवाज सूत्रधाराचा, हालचाल बाहुलीची, असा स्वच्छ विभाग आहे. शब्दभ्रमकार हा विभागच पुसून टाकतो. म्हणून त्याची बाहुली कळसूत्री परंपरेची थेट वंशज मानता येत नाही. तिचे कुळ जादूच्या रंगमंचावरचे आहे.

‘अर्धवटराव’ विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात य. के. पाध्ये यांच्या हाती आला. या नावात मराठी विनोदाची एक जुनी खोड आहे. ‘अर्धवट’ हे हिणविणारे विशेषण, आणि त्याला जोडलेले ‘राव’ हे मान देणारे उपपद. हिणवावे तर मानाने, अशी ही योजना. त्याच्या जोडीला ‘आवडाबाई’ आली, तिलाही ‘बाई’ हा मान मिळाला. बाहुल्याला एकेरी न संबोधता राव-बाई म्हटल्यामुळे तो खेळण्याच्या वर्गातून निघून घरातल्या आगंतुक पाहुण्यांच्या वर्गात जातो, आणि मग त्याने यजमानाचा पाणउतारा केला तरी ते शोभते. पुढे १९६७ मध्ये य. के. पाध्ये यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी स्वतंत्र प्रयोगास आरंभ केला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यावर रंगमंचावरचा हा बाहुला घरोघरच्या पडद्यावर पोहोचला. तिसऱ्या पिढीत ही कला सत्यजित पाध्ये यांच्याकडे आली.

या हस्तांतरात एक गोष्ट घडली ती इतकी उघड आहे की तिच्याकडे लक्ष जात नाही. बाहुला तोच राहिला आणि कंठ बदलला. वडिलांच्या स्वरयंत्रातून येणारा अर्धवटरावाचा आवाज मुलाच्या स्वरयंत्रातून येऊ लागला. म्हणजे अर्धवटरावाची पहिली प्रतिकृती लाकूड, कागद वा कापड यांची नव्हती. ती आवाजाची होती, आणि ती यशस्वी झाली म्हणूनच ‘अर्धवटराव चालू आहे’ असे प्रेक्षकांना म्हणता आले. आज चेहऱ्याच्या प्रतिकृतीसाठी जे श्रम घेतले जातात, त्यांच्या मानाने या आवाजाच्या प्रतिकृतीची दखल फारच थोडी घेतली गेली आहे.

याच्या उलट बाजूचा पुरावा अमेरिकेतील ‘हाउडी डूडी’ या बाहुल्याच्या वृत्तान्तात सापडतो. बॉब स्मिथ या निवेदकाने नभोवाणीवर एक खेडवळ आवाज काढण्यास सुरुवात केली; त्या वेळी बाहुला अस्तित्वातच नव्हता. मुलांना आवाज आवडला, म्हणून त्याला शरीर देण्यात आले आणि डिसेंबर १९४७ मध्ये दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम सुरू झाला. बाहुला फ्रँक पॅरिस यांनी तयार केला होता. १९४८ मध्ये हक्कांवरून वाद होऊन पॅरिस बाहुला घेऊन निघून गेले. कार्यक्रम तर रोज दाखवायचा होता. तेव्हा, हाउडी अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दौऱ्यावर गेला आहे आणि मते मिळावीत म्हणून चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून घेणार आहे, अशी कथा रचण्यात आली. काही दिवस तो पट्ट्या गुंडाळलेल्या अवस्थेत दाखविला गेला. पट्ट्या निघाल्या तेव्हा व्हेल्मा डॉसन यांनी घडविलेला अगदी निराळा बाहुला पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर ४८ वांग होते, त्या वेळच्या अमेरिकेतील ४८ राज्यांसाठी. मुलांनी त्याला बिनतक्रार स्वीकारले, कारण आवाज बॉब स्मिथचाच होता. गंमत अशी की, ज्याची पुढे भक्ती झाली, ज्याचे जोडबाहुले तयार झाले आणि कार्यक्रम १९६० मध्ये संपल्यावर ज्याच्या मालकीवरून न्यायालयात भांडण झाले, तो हा दुसरा चेहरा होय. २००१ मध्ये तो डेट्रॉइट येथील कलासंग्रहालयाकडे गेला. मूळ चेहरा आता इतिहासकारांनाच ठाऊक आहे.

इंग्लंडमधील ‘सूटी’चा प्रकार तिसराच. हॅरी कॉर्बेट यांनी १९४८ मध्ये ब्लॅकपूलच्या धक्क्यावरील दुकानातून पिवळ्या अस्वलाची एक हातबाहुली साडेसात शिलिंगांना घेतली. कृष्णधवल दूरचित्रवाणीवर तिचे कान उठून दिसावेत म्हणून त्यांनी कानांना काजळी फासली, आणि काजळीसाठी असलेल्या इंग्रजी शब्दावरून ‘सूटी’ हे नाव पडले. १९७६ मध्ये कॉर्बेट यांच्या मुलाने हे काम हाती घेतले. सूटी प्रेक्षकांशी कधीच बोलत नाही, मालकाच्या कानात कुजबुजतो आणि मालक ते मोठ्याने सांगतो. त्यामुळे वापरून झिजलेला सूटी बाजूला ठेवून नवा हातात चढविला तरी काही बिघडत नाही. बोहाड्यातील मुखवट्याची रीत त्याला लागू पडते. पाध्ये आणि कॉर्बेट या दोन्ही घराण्यांत बाहुला बापाकडून लेकाकडे गेला. परंतु एका घरात आवाजही द्यावा लागला आणि दुसऱ्या घरात काळे कान पुरले.

आता प्रत्यक्ष घडणीकडे वळता येईल. शब्दभ्रमाच्या बाहुल्याचे डोके पोकळ असते. आधी मातीत चेहरा घडवून त्याचा प्लास्टरमध्ये साचा काढतात. साच्यात कागदाचा लगदा थरांनी बसवून अथवा काचतंतूंचा थर देऊन हलके डोके तयार होते. गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या कारागिरांच्या नाशिकसारख्या शहरात साच्याचे काम करणारा हात शोधावा लागत नाही. अडचण पुढे आहे. खालचा जबडा वेगळा कापून आडव्या आसावर बसवावा लागतो. त्याला दोरी किंवा तार जोडून ती मानेतून खाली उतरणाऱ्या दांड्यावरील खटक्याला बांधावी लागते. खटका सोडला की जबडा मिटावा म्हणून स्प्रिंग किंवा रबर लावावे लागते. डोळे, पापण्या, भुवया यांच्यासाठी आणखी खटके. हे सर्व एका हाताच्या बोटांनी, धडाच्या आत, न पाहता चालवायचे असते. हौशी प्रतिकृतीकार बहुधा चेहऱ्यावर महिने घालवतो आणि जबड्यावर एक संध्याकाळ. प्रमाण नेमके उलट असावयास हवे.

याचे कारण ध्वनिशास्त्र देते. आवाज कोठून येतो हे कान फारसे अचूक सांगू शकत नाही. समोर कोणाचे तोंड हलत आहे हे डोळ्याने सांगितले की कान ते मान्य करतो. १९७६ मध्ये मॅकगर्क व मॅक्डोनल्ड या संशोधकांनी दाखवून दिले की, ‘ग’ उच्चारणाऱ्या तोंडाच्या चित्राबरोबर ‘ब’ हा ध्वनी ऐकविला तर पुष्कळांना ‘द’ ऐकू येतो. म्हणजे काय बोलले गेले हेही काही अंशी डोळाच ठरवितो. शब्दभ्रमकार ही गोष्ट प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीपासून जाणून होते.

ओठ न हलविता बोलताना खरी अडचण येते ती ओष्ठ्य वर्णांची : प, फ, ब, भ, म. यांच्या जागी जिभेने दातांशी किंवा त्यांच्या मागे अडथळा करून त, द, न यांच्या जवळचे ध्वनी काढावे लागतात आणि श्रोत्याच्या मनाने ते दुरुस्त करून घ्यावेत अशी अपेक्षा ठेवावी लागते. मराठीत ही तडजोड विशेष धोक्याची आहे. ‘पार’चे ‘तार’ आणि ‘बार’चे ‘दार’ झाले तर वाक्याचा संदर्भ श्रोत्याला सावरून घेतो. परंतु ‘बाबा’चे ‘दादा’ आणि ‘मामा’चे ‘नाना’ झाले, तर दोन्हीही घरातलीच माणसे. संदर्भाने काही कळत नाही. अशा ठिकाणी बाहुल्याचा जबडा क्षणभर पूर्ण मिटला तर डोळा ‘ब’ची ग्वाही देतो. जबडा आणि वरचा ओठ यांत एक बारीक फट राहिली, तर ‘बाबा’ म्हणणारा बाहुला ‘दादा’ म्हणू लागण्याचा संभव असतो. छायाचित्रावरून केलेल्या प्रतिकृतीत ही फट हमखास राहते. कारण छायाचित्रात बाहुला बहुधा तोंड उघडून हसत असतो आणि मिटलेल्या तोंडाची रेषा कारागिराला दिसतच नाही.

या दृष्टीने नावांकडे पाहिले असता एक मौज आढळते. ‘अर्धवटराव’ या संपूर्ण नावात दोन्ही ओठ मिटावे लागतील असा एकही वर्ण नाही. ‘व’ दोनदा येतो, पण तो मराठीत दंतोष्ठ्य असून सैल उच्चारता येतो. इंग्लंडमधील नभोवाणीवर गाजलेल्या शब्दभ्रमकाराच्या बाहुल्याचे नाव ‘आर्ची अँड्र्यूज’; त्यातही ओष्ठ्य स्पर्श नाही. १९९३च्या ‘झपाटलेला’ या चित्रपटातील ‘तात्या विंचू’ घेतला तरी तेच. ‘तात्या’ तर सगळा दातांशी होतो आणि ‘विंचू’मधला च दंत्य आहे. हे सर्व हेतुपुरस्सर झाले असा दावा करण्याचे कारण नाही. ‘चार्ली मॅकार्थी’ या अतिप्रसिद्ध अमेरिकन बाहुल्याच्या नावात ‘म’ आहे आणि ‘आवडाबाई’त ‘ब’ आहे, हे अपवादही सोबत नोंदविले पाहिजेत. तथापि बाहुल्याने आपले नाव दिवसातून शंभर वेळा उच्चारायचे असते, आणि जे नाव सुखाने उच्चारता येते ते टिकते, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

जबड्याच्या हालचालींच्या संख्येचा प्रश्नही असाच आहे. ‘अर्धवटराव’ हे नाव लिहिताना अ, र्ध, व, ट, रा, व अशी सहा अक्षरे होतात. बोलताना मात्र मराठीत शब्दातील काही अकार लुप्त होतात आणि अर्-ध-वट्-राव् असे चारच अवयव उरतात. ‘आवडाबाई’ लिहिताना पाच अक्षरांची, उच्चारात आव्-डा-बा-ई अशी चार अवयवांची. जबडा उच्चाराप्रमाणे चार वेळा उघडला पाहिजे. लिखित संहिता समोर ठेवून सराव करणारा नवशिका तो सहा वेळा उघडतो; मग काहीतरी चुकते आहे एवढेच प्रेक्षकाला जाणवते, काय चुकते ते सांगता येत नाही. मातृभाषा मराठी असलेल्या माणसालाही हे शिकावे लागते, कारण आपण जसे लिहितो तसेच बोलतो अशी त्याची प्रामाणिक समजूत असते.

रंगाबद्दल थोडेसे. भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वीच्या दहा वर्षांत ज्या मुलांनी मुंबई दूरदर्शनवर बाहुले पाहिले, त्यांनी ते करड्या छटांत पाहिले. असे असता त्यांतील पुष्कळांना प्रौढपणी कोटाचा रंग ‘आठवतो’. तो रंग कोणी रंगमंचावरील प्रयोगात पाहिला असेल, कोणी नंतरच्या रंगीत चित्रणात, आणि कोणाच्या बाबतीत तो स्मृतीनेच भरला असेल. प्रतिकृती मूळ वस्तूशी जुळवायची की बालपणी पाहिलेल्या चित्राशी, याचा निर्णय कारागिराला येथे करावाच लागतो. मूळ वस्तूशी जुळवावी हे मत शास्त्रीय खरे; परंतु ज्या वस्तूवर प्रेम जडले ती करडी होती, हेही तितकेच खरे आहे. शिवाय रंगमंचावरचा चेहरा शेवटच्या रांगेसाठी रंगविलेला असतो. कॅमेरा जवळ आल्यावर तोच रंग भडक दिसतो. दोन माध्यमांसाठी एकच चेहरा वापरलेल्या बाहुल्याची एकच ‘खरी’ छटा शोधणे फारसे फलदायी नाही.

‘तात्या विंचू’ने या प्रश्नाला वेगळे वळण दिले. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’साठी बाहुला रामदास पाध्ये यांनी तयार केला आणि आवाज दिलीप प्रभावळकर यांचा होता. घडविणारा हात एकाचा, कंठ दुसऱ्याचा, आणि दोहोंचा संयोग ध्वनिफितीवर. प्रत्यक्ष रंगमंचावरील शब्दभ्रमाची अट येथे उरली नाही. कथानकातही एका गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, म्हणजे शरीर पालटते आणि बोलणे तेच राहते. पाध्ये घराण्यात जे घडले त्याची ही उलटी बाजू म्हणता येईल. दूरचित्रवाणीवर हा चित्रपट वारंवार दाखविला गेल्याने चित्रपटगृहात तो न पाहिलेल्या पिढीच्याही बालपणात तात्या विंचू शिरला. त्याच्या प्रतिकृती करणारे चेहरा मोठ्या निष्ठेने उतरवतात, जबडा बहुधा चिकटवून टाकतात. त्यांना त्याची गरज भासत नाही, कारण पाहणारा प्रत्येक जण आवाज आपल्या मनातून पुरवतो. असा मुका तात्या विंचू दिवाणखान्यात उत्तम शोभतो. पण तो आवाज ऐकलेली पिढी गेल्यावर त्याची गणना कोठे होईल, हे सांगणे कठीण नाही. संग्रहालयांच्या कपाटांत अनाम बाहुले पुष्कळ असतात.

म्हणून प्रतिकृतीच्या निमित्ताने काय नोंदवून ठेवावयाचे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. फिती महाग असल्याने आणि त्या पुन्हा वापरता येत असल्याने जगातील अनेक दूरचित्रवाणी संस्थांनी आपली जुनी ध्वनिचित्रमुद्रणे पुसून टाकली. ब्रिटनमधील प्रक्षेपण संस्थेची या बाबतीतील हानी सर्वश्रुत आहे. रंगमंचावरील प्रयोगांचे मुद्रण तर त्याहून विरळ. यंत्राच्या साहाय्याने एखाद्याचा कंठ हुबेहूब उतरविणे आता शक्य झाले आहे, आणि त्यावर विसंबून राहण्याचा मोह होणे साहजिक आहे. परंतु यंत्राला नमुना म्हणून जे मुद्रण द्यायचे तेच नसेल तर यंत्र तरी काय करणार? शिवाय असे यंत्र ‘बाबा’मधील दोन्ही ‘ब’ ओठ मिटून, स्वच्छ उच्चारील. शब्दभ्रमकाराने तेथे जिभेने केलेली लबाडी, जिच्यामुळे तो आवाज अर्धवटरावाचा वाटतो, ती दोष समजून गाळली जाण्याचा संभव अधिक.

बाहुल्याची मापे घेताना डोक्याचा घेर, जबड्याची रुंदी, डोळ्यांतील अंतर ही नेहमी घेतली जातात. त्यांच्याबरोबर जबडा पूर्ण मिटल्यावर राहणारी फट, खटका सोडल्यापासून जबडा मिटेपर्यंत लागणारा वेळ, आणि कलावंताच्या तोंडून त्याच बाहुल्यासह उच्चारलेल्या ठरावीक शब्दांचे ध्वनिचित्रमुद्रण, एवढ्या तीन बाबी घेतल्यास पुढच्या प्रतिकृतीकाराला रूपाबरोबर कळ आणि आवाज यांचाही माग लागेल. शब्दांची यादी लांब असण्याची आवश्यकता नाही. ‘बाबा’ व ‘दादा’, ‘मामा’ व ‘नाना’, ‘पार’ व ‘तार’ अशा जोड्या, शिवाय ‘अर्धवटराव’ आणि ‘आवडाबाई’ ही दोन नावे त्यांत असावीत. त्यांतही ‘आवडाबाई’तील ‘बा’च्या वेळी जबडा मिटतो की नाही, हे जवळून टिपलेले असावे.